पाचव्या महिन्याचं फूल

बोन्साय म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो वाकलेला, गंभीर पाईन. या अंकाच्या मुखपृष्ठावर मात्र जपानची सात्सुकी अझेलिया आहे, आणि ती आम्ही हट्टाने निवडली. सात्सुकी म्हणजे जुन्या जपानी पंचांगातला पाचवा महिना. मेअखेरीपासून जूनपर्यंत हे हातभर झाड असं बहरतं की पान दिसू नये. काही जातींत एकाच झाडावर पांढरी, गुलाबी आणि पट्टेदार फुलं येतात. त्यात कलमाची करामत नाही. तो झाडाचाच स्वभाव.

हे वेड जुनं. एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) इतो इहेई या रोपवाटिकाकाराचा अझेलियावरचा सचित्र ग्रंथ १६९२चा. तोचिगी प्रांतातल्या कानुमाची हलकी, पिवळसर, आम्लधर्मी माती आजही या झाडासाठी पहिली पसंती आहे.

मला भावते ती निगेतली शिस्त. बहुतेक झाडांचा जोर शेंड्याकडे असतो, हिचा खालच्या फांद्यांत. म्हणून शेंडा जपायचा आणि खाली कात्री चालवायची. बहर ओसरताच फुलं खुडून छाटणी उरकायची, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या त्याच उन्हाळ्यात धरतात. झाड थकलेलं दिसलं, तर जाणकार त्या वर्षीच्या सगळ्या कळ्या काढून टाकतात. भरल्या कळ्या खुडायला किती धीर लागत असेल!

आपल्याकडे थंड हवेच्या गावी कुणी कुंडीत अझेलिया जपत असाल, तर तिला बोअरचं क्षारयुक्त पाणी घालू नका. पावसाचं साठवून ठेवा.