हजेरी घटली की काम घटलं?



मोर्चा घेऊन तहसीलला गेलो की एकच उत्तर मिळतं, "रोजगार हमीवर माणसंच येत नाहीत. मस्टर बघा. आता गरज राहिली नाही." साहेबाच्या हातात आकडा असतो, म्हणून आपण गप्प बसतो. पण मस्टरवर नाव कोणाचं? कामावर आला त्याचं. काम मागून जो रिकामा परतला, त्याचं नाव कुठंच नसतं.

१९८८ साली राज्यात किमान वेतन वाढलं आणि हमीची मजुरी दुप्पट झाली. त्यानंतर हजेरी मात्र घसरली. रॅवॅलियन, दत्त आणि चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी दर महिन्याच्या हजेरीचे आकडे तपासले. पावसात हजेरी कमी, उन्हाळ्यात जास्त, हे तर दरवर्षीचंच. ते धरून त्यांनी विचारलं, मजुरी वाढली नसती तर हजेरी किती असती? मजुरी दुप्पट झाली तर काम मागणारे वाढायला हवेत, घटले कसे? १९९३ साली त्यांनी निष्कर्ष छापला: माणसं कमी झाली नव्हती, मागेल त्याला काम मिळेनासं झालं होतं. म्हणजे हमीचा कायदा कागदावर राहिला आणि कामाचं रेशनिंग सुरू झालं.

हा हिशेब आपणही करू शकतो. दर पाड्यात एक वही ठेवा. काम कोणी मागितलं, कधी मागितलं, पोच मिळाली का, काम कधी निघालं, हे लिहा. दिवाळीनंतर किती घरं वीटभट्टीवर जगायला गेली, तेही लिहा. मग काम निघालेला पाडा आणि न निघालेला पाडा शेजारी मांडा. पण घाई नको. एखाद्या पाड्यात पाणी आहे म्हणूनही लोक गावात राहिले असतील. म्हणून काम निघायच्या आधीच्या वर्षी दोन्ही पाड्यांतून किती घरं गेली होती, तेही म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. फरक कुठं पडला ते तेव्हाच कळेल. आपल्या विरुद्ध जाणारा आकडाही खोडू नका. एक खोटा सापडला की सगळी वही खोटी ठरते.

हे जमिनीच्या लढ्याबाहेरचं काम नाही. काम नाही म्हणून घर बंद होतं, प्लॉट ओसाड पडतो, आणि चौकशीला माणसं येतात तेव्हा कसणारा जागेवर नसतो.

पुढच्या मोर्चाला घोषणा देऊच. सोबत वह्याही आणा.