पहिल्या सत्राचे जादा तास

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅपच्या फेऱ्या संपतात, फी भरून होते, ड्राफ्टर आणि बॉयलर सूट घरी येतो. सोलापुरातल्या अनेक घरांत इथून पुढची चर्चा एकाच गोष्टीवर येऊन थांबते. कॉलेजने पहिल्या वर्षासाठी जादा तास ठेवलेत: गणिताचा सराव, इंग्रजी, एक मार्गदर्शक प्राध्यापक आणि दर आठवड्याला हजेरी. नाव द्यायचं का? सीईटीला नव्वदच्या पुढे पर्सेंटाइल असलेल्याला त्याची गरज वाटत नाही. ज्याला कमी मार्क आहेत, त्याला वर्गात शिक्का बसेल अशी धास्ती असते. ज्याला संध्याकाळी घरच्या कामाला हातभार लावायचा असतो, त्याच्याकडे वेळच नसतो.

तिघांनीही नाव द्यावं. मात्र त्याआधी कॉलेजला चार प्रश्न विचारावेत. पण या तासांची गरज का आहे, ते आधी पाहू.

1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं आणि त्याच वर्षी सोलापुरात अशोक चौकाजवळ वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झालं. 1998 मध्ये पंढरपूरजवळ गोपाळपूरला स्वेरीचं कॉलेज निघालं. यंत्रमागाच्या आणि विडीच्या कामावर चालणाऱ्या घरांपासून इंजिनिअरिंगची जागा बसच्या अंतरावर आली. 2024-25 पासून राज्याने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. पैशांची अडचण थोडी हलकी झाली, पण पुढची अडचण फीमाफीने सुटत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी मुलांची घरची भाषा तेलुगू, शाळेची मराठी आणि अकरावीपासून पुस्तकांची इंग्रजी. अक्कलकोटकडच्या मुलांच्या घरी कन्नड. या मुलांना भाषा शिकण्याची सवय असते, बुद्धीही कमी नसते. कमी असतो तो माहितगार माणूस. ज्या घरात दादा किंवा ताई इंजिनिअर आहे, तिथे जर्नल वेळेवर तपासून घे, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव येऊ देऊ नको, एम-वन, म्हणजे पहिल्या सत्राचं गणित, पहिल्या झटक्यात काढ, हे जेवता जेवता कानावर पडतं. ज्या घरातून कॉलेजात जाणारी ही पहिलीच पिढी आहे, तिथे हे सगळं एटीकेटी लागल्यावर कळतं.

नव्वदच्या पुढचा मुलगाही सुरक्षित नसतो, याचं कारण सीईटीच्या घडणीत आहे. ती परीक्षा चार पर्यायांतून एक निवडण्याची. उत्तर चुकलं तरी मार्क कापले जात नाहीत. विद्यापीठाच्या पेपरात उत्तर पायरी-पायरीने लिहून दाखवावं लागतं. बारावीपर्यंत क्लासमध्ये एकाच धड्यावर कितीतरी दिवस घोटून घेतलेलं असतं. इथे पहिल्या काही आठवड्यांत मॅट्रिक्स, मेकॅनिक्सची बलं आणि ग्राफिक्सची प्रक्षेपणं एकदम अंगावर येतात.

मेहनती मुलं कॉलेजात मागे का पडतात, या कोड्याचा छडा अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्रीसमन यांनी 1970च्या दशकात लावला. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत होते आणि चिनी वंशाचे पुढे जात होते. गरिबी, तयारीचा अभाव, घरची अनास्था अशी कारणं प्राध्यापक सांगत. ट्रीसमन यांनी दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि दीड वर्ष त्यांच्या मागे राहून ते अभ्यास कसा करतात ते पाहिलं. सांगितली जाणारी कारणं टिकली नाहीत. मागे पडणारी मुलं प्रामाणिकपणे अभ्यास करत होती, पण एकटी. चिनी मुलं आधी आपापली गणितं सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासत. अमुक गणित सगळ्यांनाच अडलं म्हणजे ते खरोखर अवघड आहे, हे त्यांना कळे. एकट्या मुलाला ते आपलंच अपयश वाटे.

त्यातून उभ्या राहिलेल्या कार्यशाळेत ट्रीसमन यांनी सोपी उजळणी ठेवली नाही. आपापल्या शाळेत पहिली आलेली मुलं उजळणीच्या वर्गांकडे फिरकत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा कठीण गणितं दिली आणि ती लहान गटांत सोडवायला लावली. कार्यशाळेतले विद्यार्थी बाहेरच्या आपल्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांपेक्षा ठळकपणे पुढे गेले.

यात काय घडतं, ते एम-वनच्या एका गणितात दिसतं. चार ओळींच्या मॅट्रिक्सची रँक काढायची आहे. तिसऱ्या ओळीतून पहिली ओळ दुपटीने वजा करताना एक उणे चिन्ह निसटतं. पुढच्या सगळ्या ओळी नीटनेटक्या आणि सगळ्या चुकीच्या. एकटा मुलगा पान फाडतो, पुन्हा तीच चूक करतो, अर्ध्या तासाने वही मिटतो. गटात बसलेल्याच्या वहीवर शेजारचा दोन मिनिटांत बोट ठेवतो, आणि ते सांगताना स्वतःही पक्का होतो. यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला की कारागीर तिथेच माग थांबवून गाठ मारतो; तसंच विणत गेलं तर दोष कापडात उतरतो. जादा तासाचं खरं काम हेच आहे, आणि ते पहिल्या चाचणीच्या आधी झालं पाहिजे.

आपल्याकडे ही जाणीव धोरणात आलेली आहे. आयआयटीमध्ये राखीव जागांवरच्या, थोडक्यात मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम कितीतरी वर्षांपासून आहे. 2017 मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रम आखला. त्यात साधारण वीस मुलांमागे एक मार्गदर्शक प्राध्यापक अपेक्षित आहे. प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिली कात्री यालाच लागते आणि उद्घाटन, भाषणं, कॉलेजची फेरी एवढ्यावर तो आटोपतो. गोपाळपूरच्या स्वेरीची रात्र अभ्यासिका जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. एका छताखाली, प्राध्यापकांच्या देखरेखीत, सोबत्यांबरोबर बसण्याची ती रीत आहे. कोणाला ती जाचक वाटेल. पण घरी एका खोलीत पाच माणसं राहत असतील, तर अभ्यासाला उजेडातली जागा मिळणं हीच मोठी सोय ठरते.

आता ते चार प्रश्न. तास पहिल्या आठवड्यापासून आहेत की नापासांची यादी लागल्यावर? पहिलं असेल तरच त्यात अर्थ आहे. तासाला मुलं स्वतः गणितं सोडवतात की पुन्हा फळ्यावरचं उतरवून घेतात? उतरवून घ्यायचं असेल तर तो वेळ घरी मित्रांबरोबर जास्त सत्कारणी लागेल. मार्गदर्शकाकडे किती मुलं आहेत? साठ-सत्तर असतील तर त्याला नावंही लक्षात राहणार नाहीत. आणि तास सुटतो केव्हा? मोहोळ किंवा बार्शीहून एसटीने येणाऱ्या मुलीला संध्याकाळी सातचा तास म्हणजे नकारच. तिच्यासाठी तो दुपारच्या मोकळ्या तासिकेत घेता येतो. त्याला फक्त वेळापत्रक बदलावं लागतं.

शिक्का पुसण्याचं काम मात्र कॉलेजचं आहे. फक्त कमी मार्कांच्या मुलांची यादी फलकावर लावली, तर पालकांनी कितीही समजावलं तरी मुलं मागच्या दाराने निघून जातील. वर्गातली पहिली पाच मुलं त्या गटांत बसवावीत, दुसऱ्या वर्षाच्या दोघांना मानधन देऊन मदतीला घ्यावं, सुरुवातीचा अर्धा तास मराठीत बोलायची मुभा द्यावी आणि सत्र संपल्यावर तासाला बसलेल्यांचा व न बसलेल्यांचा निकाल पालकसभेत शेजारी-शेजारी मांडावा. पालक प्रवेशाच्या वेळी प्लेसमेंटचे आकडे विचारतात, तसाच हा निकालही त्यांनी मागावा. जे कॉलेज तो दाखवेल, तिथे पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवावं.