लाल पानाचा हट्ट

“याला फळ येतं का गं?”
“नाही आत्याबाई.”
“फुलं देवाला चालतात?”
“नाही.”
“मग शेळीला पाला तरी?”
“पाम आहे हो तो. नुसता बघायला आणलाय.”
“बघायला!”

मागच्या दिवाळीत आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या अंगणात झालेला हा संवाद. भाऊबीजेला भावाने विचारलं, ताई, साडी घ्यायची का पैसे देऊ? ती म्हणाली, मला नर्सरीत घेऊन चल. तिथे तिने आधी एकदा एक पाम पाहून ठेवला होता. बाकीची पानं हिरवीगार आणि मधून वर आलेलं एकच नवं पान डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. कुंडी मांडीवर धरून ती पुण्याहून एसटीने आळेफाट्यापर्यंत आली आणि तिथून जीपने बेल्ह्याला. ओसरीच्या पूर्वेला, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली येईल अशी जागा शोधून तिने तो लावला.

वैशाखात दिराचं लग्न निघालं. मांडव दारातच. खांबाला पाम आड येतो म्हणून कोणीतरी तो कुदळीने काढला आणि गोठ्यामागे उन्हात नेऊन लावला. तिला विचारलं नाही. विचारायचं असतं, हे कोणाच्या मनातही आलं नाही. लग्न झालं, पाहुणे गेले आणि पंधरा दिवसांत पाम वाळला. “झाडच तर होतं, दुसरं आण,” असं नवरा म्हणाला, आणि चांगल्या मनानेच म्हणाला. पुढच्या बैठकीत प्रोसिडिंग लिहिता लिहिता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तीच हसली. “बघा ना ताई, एका पानासाठी रडतेय.”

मैत्रिणींनो, मला काही ते एका पानासाठीचं रडणं वाटलं नाही. ज्या अंगणात ती रोज सडा घालते, रांगोळी काढते, धान्य वाळत टाकते, तिथली हातभर जागा तिने पहिल्यांदाच स्वतःसाठी मागितली होती. मिरच्या लावल्या असत्या, कढीलिंब लावला असता, तर कोणी उपटला नसता. घरातल्या प्रत्येक गोष्टीचा उपयोग सांगावा लागतो आणि बाईच्या आवडीचा तर दोनदा सांगावा लागतो. गड्यांनी मोटारसायकलला रंगीत गोंडे लावले तर त्याला फळ येतं का, असं कोणी विचारत नाही!

पण आत्याबाईंनाही मी दोष देणार नाही. १९७२च्या दुष्काळात लहान वयात आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडलेली ती बाई. आपला जुन्नर तालुका एकच असला तरी पाऊस एक नाही. माळशेज, नाणेघाटाकडे धो धो कोसळतो आणि बेल्ह्याकडे, त्याहून पुढे अण्याच्या पठारावर येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. ज्यांनी डोक्यावरून हंडे वाहिले त्यांना बिनफळाच्या झाडाला पाणी घालणं पाप वाटलं, तर त्यात नवल नाही. तेव्हा हट्ट करायचाच, तर त्या पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर हातात ठेवून करावा, असं मला वाटतं.

आधी हा लाल रंग काय आहे ते बघू. तो आपल्याला नवा नाहीच. फाल्गुन-चैत्रात आंब्याला तांबूस पालवी येते, पिंपळाची कोवळी पानं गुलाबी-तांबडी चमकतात, आणि घाटात कोशिंबाचं झाड तर लांबून पेटल्यासारखं दिसतं. कोवळ्या पानात हिरवं द्रव्य पुरेसं तयार व्हायच्या आधी अँथोसायनिन नावाचं लाल-जांभळं रंगद्रव्य असतं. जांभळाला, कोकमाला रंग देणारं तेच. ते नाजूक पानाला कडक उन्हापासून जपतं. किडीही अशा पानाकडे कमी वळत असाव्यात, असं अभ्यासकांना वाटतं. पान जून झालं की रंग ओसरतो आणि हिरवा वर येतो. म्हणजे पामाचं लाल पान ही त्याची चैत्रपालवीच. फरक एवढाच, की आंबा अंगभर पालवतो आणि पाम एका वेळी एकच पान काढतो.

मैत्रिणीने आणला होता तो ‘फ्लेमथ्रोअर’ पाम, शास्त्रीय नाव चांबेरोनिया. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात न्यू कॅलेडोनिया नावाचं बेट आहे, तिथल्या ओलसर जंगलातला. नवं पान लाल उघडतं, आठ-दहा दिवस, फार तर दोन आठवडे तसं राहतं आणि मग हिरवं होतं. वर्षाला असली पानं मोजकीच. त्यातही बीपासून केलेलं प्रत्येक रोप सारखंच लाल निघत नाही, काहींचा रंग फिकाच असतो. म्हणून रोप घेताना नवं पान निघालेलं, डोळ्यांनी पाहिलेलं घ्यावं. आपल्या हिवाळ्याला तो घाबरत नाही, पण चैत्र-वैशाखातलं दुपारचं ऊन आणि कोरडं वारं त्याला सोसत नाही. लहानपणी त्याला सावली हवी आणि मुळाशी ओल हवी. तिने जागा अगदी बरोबर निवडली होती, हे सांगताना मला अजून वाईट वाटतं.

दुसरा मोहात पाडणारा म्हणजे लिपस्टिक पाम. याचं खोड वरच्या बाजूला लाखेसारखं लालभडक असतं. हा मलेशिया, सुमात्राकडच्या दलदलीतला. त्याला पाय सतत ओले लागतात आणि थंडी अजिबात चालत नाही. गोव्याच्या बहिणींनी जरूर लावावा. आपण फोटोत पाहावा. पौषातली आपल्याकडची एक थंडीची लाट त्याला पुरे.

मग आपल्याकडे जगणारा कोणता? माझं मत विचाराल तर रेड लटानिया. मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटावरचा हा पंख्याच्या पानांचा पाम. त्याच्या मूळ जागी तो आता फार थोडा उरलाय, पण जगभरच्या बागांमध्ये लावला जातो. लहानपणची काही वर्षं याचे देठ, पानांच्या कडा आणि शिरा लाल असतात, त्यामुळे दहा दिवसांचा पाहुणा म्हणून रंग बघावा लागत नाही. ऊन सोसतो, आणि एकदा मुळं धरली की पाण्याचीही ओढ सोसतो. मोठेपणी मात्र तो राखाडी-हिरवा होतो आणि दहा-बारा फुटांचा घेर धरतो. तेव्हा भिंतीला चिकटून लावू नका, नाहीतर पुन्हा कुदळ येईल. आणि फार खर्च नको असेल तर आपला नेहमीचा अरेका आहेच, पिवळ्या देठांचा. त्याचं मूळ गाव मादागास्कर, आता आपल्या प्रत्येक मंगल कार्यालयाच्या दारात उभा असतो. अर्धसावलीत त्याचे देठ आणि पानं चांगली राहतात. मळ्यात वस्ती असेल तर एक लक्षात ठेवा, अरेकाचं बेट दाट होतं. आपल्याकडे बिबट्याची भीती आहे, त्यामुळे मागच्या दाराशी, न्हाणीजवळ दाट झुडूप नकोच. तिथे एकट्या खोडाचा पाम बरा.

आता माझी स्वतःची फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी सोमवारच्या बाजारात रोपांचा टेम्पो आला होता. बैलबाजाराची गर्दी, उन्हाची वेळ, आणि टेम्पोवाला “लाल पाम, लाल पाम” ओरडतोय. मी घासाघीस करून एक घेतला आणि सगळ्या आळीला दाखवला. माझ्या नणंदेने कृषी पदविका केलेली. ती म्हणाली, “वहिनी, हा पाम नाही, कॉर्डिलाईन आहे.” झाड छान होतं, अजूनही आहे, पण मी पामाचे पैसे मोजले होते. तेव्हापासून मी कोवळ्या पानाला हात लावून बघते. पामाचं पान कोंबात असताना पंख्यासारखं घड्या घालून येतं, आणि उघडल्यावरही त्या घड्या बोटाला लागतात. कॉर्डिलाईनचं पान नुसती गुंडाळी असते. सायकसलाही लोक पाम म्हणतात, पण त्याची नवी पानं एकदम झुबक्याने येतात आणि कोवळेपणी टोकाला वळलेली असतात. ट्रॅव्हलर्स पाम तर पाम नसून केळीच्या नात्यातला. ही झाडं वाईट नाहीत, नाव खोटं आहे इतकंच. आपल्याकडची बरीच शोभेची रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. विकणाऱ्यालाही पुष्कळदा नाव ठाऊक नसतं.

आता पाणी. आमच्या अंगणातल्या पामाला मी उन्हाळ्यात दिवसाआड अर्धी बादली घालते, आणि त्यातलं बरंचसं भाजी-तांदूळ धुतलेलं असतं. आळ्यात उसाचं पाचट पसरलेलं असलं की ओल टिकते. धुण्याचं सोड्याचं पाणी मात्र घालू नका. आपली जमीन बऱ्याच ठिकाणी चुनखडीची, त्यात सोडा पडला की नवं पान लाल काय, हिरवंही येत नाही. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी दिसू लागते, कारण मुळांना लोह उचलता येत नाही. बोअरच्या जड पाण्याने पानांची टोकं करपतात. पावसाळ्यात पन्हाळीखाली पिंप ठेवून कुंड्यांना ते पाणी दिलं, तर फरक डोळ्यांना दिसतो.

पण पाण्यापेक्षा पामाला आपल्या घरांत जास्त धोका आहे तो आपल्या सवयींचा. पामाला वाढायला एकच जागा असते, शेंड्यातला कोंब. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. एकट्या खोडाच्या पामाचा कोंब गेला की झाड गेलं. शेळीचं एक तोंड पुरे. शिवाय त्याच्या खोडाला जखम झाली तर ती भरून येत नाही. आपण मात्र वाळत घालायच्या दोरीसाठी दिसेल त्या खोडाला खिळा ठोकतो! अशा जखमांत सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि अळी आतून खोड पोखरते. बाहेर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरा शत्रू गेंड्या भुंगा, आणि त्याला तर आपणच पोसतो. त्याच्या अळ्या उकिरड्यात, कुजणाऱ्या शेणात वाढतात. भुंगा रात्री उडून येतो, न उघडलेला कोंब कुरतडतो, आणि पान उघडलं की कात्रीने तिरकं कापल्यासारखं दिसतं. लाल पान हौसेने बघायला जावं आणि ते असं निघावं! म्हणून पाम उकिरड्यापासून लांब लावावा, शेणखत पुरतं कुजलेलंच घालावं, आणि उकिरडा उलटताना पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर कोंबड्यांना बोलवावं. खालची पानं थोडी पिवळी पडली म्हणून लगेच कोयता चालवू नये. त्या पानांतलं अन्न झाड नव्या पानासाठी वर ओढून घेत असतं. पूर्ण वाळू द्यावीत, मग काढावीत.

हे सगळं त्या दिवशी बैठकीत बोलून झालं, तेव्हा एकीने साधा प्रश्न विचारला. “सगळं खरं ताई, पण अंगण कोणाचं?” सगळ्या गप्प झाल्या. मी विचारलं, ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ ला कोणाकोणाचं नाव आहे? तिथे बसलेल्या अकरा जणींपैकी दोघींनी हात वर केले. तिघींना तर हा नमुना काय असतो तेच माहीत नव्हतं, घरपट्टी मात्र त्याच भरून येतात. राज्य सरकारने घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावाने करण्याचा निर्णय २००३ साली घेतला. त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा असतो. बैठकीतल्या बाकीच्या घरांतून तो कधी गेलाच नव्हता. कागदावर नाव लागलं म्हणून मांडवाच्या दिवशी कोणी विचारीलच, असं मी म्हणत नाही. पण “हे घर माझंही आहे” असं म्हणताना आवाज थरथरणार नाही, एवढं मला अनुभवाने माहीत आहे. त्या बैठकीनंतर सात अर्ज गेले. त्यातला एक आमच्या पामवाल्या मैत्रिणीचा, आणि त्यावर सही करताना नवऱ्याने नुसतं विचारलं, “हे त्या झाडावरून चाललंय का?” ती म्हणाली, “हो.”

मृगाचे दोन पाऊस झाले की आम्ही सहा जणी उरुळी कांचन, सोरतापवाडीकडच्या नर्सऱ्या बघायला जाणार आहोत. जीप ठरलीय, डबे कोणी काय आणायचे तेही ठरलंय. मैत्रिणीला पुन्हा तोच लाल पानाचा हवाय, मी तिला लटानिया घे म्हणून सांगतेय आणि ती ऐकत नाही. ओसरीच्या पूर्वेची जागा तिने आत्ताच दगड मांडून अडवून ठेवली आहे. परवा गेले तर आत्याबाई त्या दगडांच्या आत वाकून काहीतरी करत होत्या. जवळ जाऊन पाहिलं, तर पायलीभर जुनं शेणखत मातीत मिसळत होत्या. मला बघून म्हणाल्या, “आता आणणारच आहे ती, तर नीट तरी जगू दे.”