अमेरिकेचे स्थळ आणि मुलीचे कागद



शाहूवाडी तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलीला अमेरिकेतले स्थळ आले, सुपारी फुटली, दिवाळीनंतर लग्न. मुलगा शिकलेला, घराणे माहितीतले. पण घरात रोज नवी चर्चा आहे. मुलाकडचे म्हणतात, “लग्न झाले की मुलगी अमेरिकनच झाली म्हणायची.” आणि घरातले म्हणतात, “एकदा ती तिकडची झाली की इथल्या जमिनीत तिचे नाव राहत नाही. तेव्हा जाण्याआधी हक्कसोडपत्रावर सही करून जाऊ दे.” आई विचारते, “ताई, यातले खरे काय?”

दोन्ही खरे नाही. लग्नाने बायको आपोआप अमेरिकन होण्याचा कायदा तिथे १८५५ साली झाला होता खरा, पण १९२२ साली तो संपला. तेव्हापासून प्रत्येक स्त्रीला स्वतःचा अर्ज, स्वतःची परीक्षा आणि स्वतःची शपथ, असाच रस्ता आहे. तो बराच लांबचा आहे. त्यातले टप्पे मुलीला आणि तिच्या आईला आधीच ठाऊक असले, तर पुढचे पुष्कळ मनस्ताप टळतात.

जावई तिकडे कोणत्या कागदावर आहे?

बोलणी करताना आपण पगार विचारतो, घर विचारतो, जेवणखाण विचारतो. हा प्रश्न मात्र संकोचाने राहून जातो. “मुलगा तिकडे परमनंट आहे” एवढ्यावर समाधान मानू नका. नोकरी परमनंट असणे वेगळे आणि वास्तव्य परमनंट असणे वेगळे. सरळ विचारा, यात वावगे काही नाही.

मुलगा नोकरीच्या ‘एच-१बी’ व्हिसावर असेल तर मुलीला ‘एच-४’ मिळतो. ती लवकर जाऊ शकते, पण तिचे तिथले राहणे सर्वस्वी नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असते. त्याची नोकरी गेली तर दुसरी सोय लावायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. एच-४ वर नोकरी करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीनकार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्याला पोचली असेल तरच बायकोला कामाचा परवाना मागता येतो, ही सवलत २०१५ सालच्या नियमाची आहे. नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीनकार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून अधिक कार्डे येत नाहीत. आपल्या लोकांची रांग म्हणूनच वर्षानुवर्षे हलत नाही. मुलगी इथे शिक्षिका किंवा नर्स असेल तर राजीनामा लिहिण्याआधी तिने याचा नीट विचार करावा.

मुलाकडे ग्रीनकार्ड असेल, म्हणजे तो तिथला कायम रहिवासी असेल, तर तो बायकोसाठी अर्ज करतो. या वर्गाला वर्षाची संख्या ठरलेली असल्याने पाळी येईपर्यंत थांबावे लागते. तोवर नवी सून इथे सासरी आणि नवरा तिकडे, असा संसार चालतो.

मुलगा अमेरिकन नागरिक असेल तर त्याच्या बायकोला संख्येची मर्यादा नाही. तरी तपासणी, कागद, मुलाखत यात महिने जातातच.

नावाचा घोळ आधी निस्तरा

आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहितात. हौस म्हणून ते छानच. पण शाळेच्या दाखल्यावर अश्विनी, जन्मनोंदीत नुसतेच ‘मुलगी’, आधारवर वडिलांचे नाव, विवाहनोंदणीत नवऱ्याचे नाव आणि नवे नाव स्नेहल, असे झाले की मुंबईच्या वकिलातीतील साहेबाला ही सगळी एकच बाई आहे हे पटवावे लागते. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. ताटात हौसेने काय हवे ते लिहा, पण कागदावर एकच नाव ठेवा. बदलायचेच असेल तर राजपत्रात रीतसर बदल करून मग सगळीकडे तेच लावा.

जन्माचा दाखला ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून आताच काढा. नोंदच नसेल तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला मिळतो. त्यासोबत शाळेचा दाखला आणि इतर पुरावे जोडता येतात.

लग्नाची नोंदणी १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे करायची. खेड्यात ग्रामसेवकाकडे, मलकापूरसारख्या गावात नगरपरिषदेत. ९० दिवसांच्या आत केली तर विलंबाचे शुल्क पडत नाही. देवळातली पावती किंवा कार्यालयाचे बिल म्हणजे नोंदणी नव्हे. लग्नाची पत्रिका, फोटो, आहेराची वही हेही जपून ठेवा. लग्न खरेखुरे आहे हे दाखवायला त्यांचा उपयोग होतो.

पासपोर्टसाठी आता पुण्यालाच खेपा घालाव्या लागतात असे नाही. कोल्हापुरात पोस्टात सेवा केंद्र आहे. चारित्र्याचा पोलीस दाखलाही पासपोर्टच्या कचेरीमार्फतच मिळतो.

आणि पासपोर्ट हाती आला की तो मुलीच्याच हाती राहू द्या. “सांभाळून ठेवतो” म्हणून सासूबाईंच्या कपाटात किंवा नवऱ्याच्या बॅगेत नको. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. नवऱ्याने तो अडवून ठेवावा असा हक्क त्याला कोणी दिलेला नाही. प्रत्येक कागदाची एक प्रत माहेरच्या ट्रंकेतही असू द्या.

दोन वर्षांचे कार्ड

ग्रीनकार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर पहिले कार्ड दोनच वर्षांचे, अटीचे असते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा. ही तारीख कॅलेंडरवर, फोनमध्ये, दिसेल तिथे लिहून ठेवा. कित्येकींची तारीख नुसत्या विसराळूपणाने हुकते.

दुर्दैवाने संसार मोडला तर? नवऱ्याच्या सहीवाचून सगळे संपले असे नाही. लग्न खऱ्या मनाने केले होते हे दाखवून ती एकटीही अर्ज करू शकते. त्यासाठी दोघांच्या नावचे बँक खाते, भाडेकरार, विम्याचे कागद, फोटो उपयोगी पडतात. नवरा नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असून मारहाण, छळ करीत असेल तर त्याला न कळवता स्वतःचा अर्ज करण्याची सोय १९९४ च्या अमेरिकी कायद्यात आहे. “तक्रार केलीस तर परत पाठवीन” ही धमकी ऐकणाऱ्या मुलीला हे माहीत असायलाच हवे.

आणखी एक गोष्ट. बायकोला ग्रीनकार्डावर नेताना नवरा सरकारला पोषणाची हमी लिहून देतो. ती हमी घटस्फोटाने संपत नाही. बायको नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खात्यावर कामाची साधारण दहा वर्षे जमा होईपर्यंत ती चालूच असते. त्या कागदाची प्रत मागून घ्या.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण सांगते. १९८९ साली लग्न झाले. नवरा अमेरिकेत नोकरीला, काही दिवसांत परत गेला. तिकडे जायचे म्हणून हिने इथली नोकरी सोडली. मागोमाग हातात पडले ते लग्न रद्द करण्यासाठी अमेरिकेच्या कोर्टात केलेल्या अर्जाचे कागद. १९९४ च्या निकालात न्यायालयाने सुचवले की इथे लागलेले असे लग्न परदेशी कोर्टाने रद्द करू नये, असा कायदा व्हावा. त्याआधी १९९१ साली याच न्यायालयाने म्हटले होते की, ज्या कायद्याखाली लग्न झाले त्यात न बसणाऱ्या कारणावर बायकोच्या माघारी दिलेला परदेशी घटस्फोट इथे मानता येणार नाही. तेव्हा असे पाकीट आले तर रडत बसू नका, सही करू नका आणि ते फेकूनही देऊ नका. आधी वकिलाला दाखवा. राष्ट्रीय महिला आयोगात अशा लग्नांच्या तक्रारींसाठी २००९ पासून वेगळी व्यवस्था आहे.

नागरिकत्व घ्यावे का?

ग्रीनकार्डानंतर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. नवरा नागरिक असेल आणि दोघे एकत्र राहत असतील तर तीन वर्षांनी. त्या मुदतीतला निदान अर्धा काळ प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेला असावा लागतो. म्हणून बाळंतपणाला किंवा आजारी आईसाठी माहेरी आलेल्या मुलीने सहा महिन्यांची रेघ लक्षात ठेवावी. त्याहून लांबलेली एकच खेप वास्तव्याचा हिशेब बिघडवू शकते. वर्षाहून लांबली तर तो तुटतोच. आईनेही “राहा गं आणखी महिनाभर” म्हणण्याआधी तारीख पाहावी.

परीक्षा इंग्रजीची आणि तिथल्या राज्यकारभाराची. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांच्या यादीतून जास्तीत जास्त २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने घाबरू नये, यादी आधीच मिळते. आणि नागरिक होण्यापूर्वी मतदार म्हणून कुठेही नाव घालू नये. गाडीच्या परवान्याच्या फॉर्ममध्ये तो रकाना असतो. चुकून केलेली खूण पुढे फार महागात पडते.

शपथ घेतली की भारताचे नागरिकत्व संपते. आपल्या १९५५ च्या कायद्यात दोन नागरिकत्वे नाहीत. इथला पासपोर्ट परत करावा लागतो, इथले मत जाते. त्यानंतर २००५ पासून मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड काढले की व्हिसाशिवाय कधीही येता येते, राहता येते. मात्र मतदान, निवडणूक आणि सरकारी नोकरी नाही. नागरिकत्व घेतल्यावर तिचे तिथले राहणे नवऱ्याच्या कागदावर टांगलेले राहत नाही, हा मोठा लाभ. न घेता ग्रीनकार्डावरही आयुष्य काढता येते. हा निर्णय मुलीने स्वतः, समजून घ्यावा. “सगळे घेतात म्हणून” नको.

सातबाऱ्यावरचे नाव

आता हक्कसोडपत्राचे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला आहे. परदेशी नागरिक झाल्याने तो जात नाही. ओसीआयवाल्यांना इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, एवढे मात्र खरे. पण वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते. विकायची झाली तर ती इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. “विकत घेता येत नाही” याचे “वारसा मिळत नाही” असे भाषांतर घरोघरी चालते, आणि त्यावर सह्या होतात.

बहिणीने भावासाठी प्रेमाने हक्क सोडला तर तो तिचा प्रश्न. पण विमानाच्या घाईत, खोट्या भीतीपोटी नको. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र सहजी मागे घेता येत नाही. आणि परक्या देशात एकटी पडलेल्या मुलीला इथे आपले काही आहे, हा आधार फार मोलाचा असतो. भावालाही हे शांतपणे सांगितले तर कळते.

नियम बदलत असतात, फीही बदलते. म्हणून अर्ज भरताना त्या वेळचा नियम सरकारी कचेरीतून पाहा आणि शंका असेल तर तिथल्या इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारा. शेजारच्या मावशींच्या जावयाचा अनुभव ऐकावा जरूर, पण त्यावर अर्ज भरू नये.

ज्यांच्या मुली आधीच तिकडे गेल्या आहेत त्यांनी या रविवारी फोनवर भाजी काय केली हे विचारून झाले की आणखी दोन गोष्टी विचाराव्या: तुझा पासपोर्ट कुठे आहे आणि तुझ्या कार्डावरची तारीख कोणती. उत्तर वहीत लिहून ठेवावे.