रुक्मिणीच्या जिल्ह्यात मुलींनाच शपथ

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, असे सांगताना वऱ्हाडी माणसाची छाती फुगते. वर्धा नदीच्या काठावरच्या या गावातून आषाढीसाठी तिची पालखी पंढरपूरला निघते. ही परंपरा चारशे वर्षांहून जुनी आहे. पण या रुक्मिणीने केले काय, ते आपण देवळात ऐकतो आणि उंबरठा ओलांडून घरात येताच विसरतो. भाऊ रुक्मी याने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले होते. तिने ते नाकारले. मनात होता त्याला तिने स्वतः निरोप धाडला आणि देवीच्या दर्शनाला गेली असता त्याच्या रथात बसून निघून गेली. ते देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, अशी इथली श्रद्धा. एकनाथांनी याच कथेवर ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले आणि मुलीचे लग्न जमावे म्हणून त्याची पारायणे होऊ लागली. घरच्यांनी ठरवलेले स्थळ झुगारणाऱ्या मुलीची पोथी घरच्यांच्या पसंतीचे स्थळ यावे म्हणून वाचायची, हे आपल्याला जराही खटकत नाही.

याच अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे येथील एका महिला महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींना फेब्रुवारी २०२० मध्ये, व्हॅलेंटाइन दिनाच्या तोंडावर, एक शपथ देण्यात आली: आम्ही प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही. हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, असेही त्या शपथेत होते आणि तेवढे वाक्य सोन्याचे होते. पण ती शपथ कोणत्या दिवसांत दिली गेली ते पाहा. जानेवारीत धामणगाव रेल्वे येथे एका कोवळ्या विद्यार्थिनीचा भोसकून खून झाला होता. ३ फेब्रुवारीला सकाळी हिंगणघाटात कॉलेजला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेवर पेट्रोल टाकून तिला पेटवून देण्यात आले. १० तारखेला नागपूरच्या रुग्णालयात तिने प्राण सोडला. तिला जाळणाऱ्याला दोन वर्षांनी जन्मठेप झाली. चाकू आणि पेट्रोल पुरुषांच्या हातात होते, शपथेसाठी हात मात्र मुलींना पुढे करायला लावले! चोरी झाली म्हणून घरमालकाकडूनच ‘यापुढे वस्तू ठेवणार नाही’ असे लिहून घेण्यातला हा न्याय आहे.

शपथ देणाऱ्या शिक्षकांना एकट्यांना दोष देऊन सुटका होणार नाही. त्यांनी मोठ्याने म्हणवून घेतले, तेच आपण घरोघर दबक्या आवाजात म्हणतो. कॉलेजच्या रस्त्यावर एखादा पोट्टा रोज मुलीच्या मागे गाडी घालतो. पानठेल्यावरच्या चौघांना ते दिसते, बसथांब्यावरच्यांना दिसते, समोरच्या दुकानदाराला त्याचे नावगाव ठाऊक असते. सगळ्यांचे उत्तर एकच, “आपल्याले काय कराचं?” मुलगी घरी सांगते तेव्हा बाप आधी तिचा मोबाइल काढून घेतो, मग शिकवणी बंद करतो, मग पाहुणे बोलावतो. भाऊ विचारतो, “तूच काही बोलली असशील.” पोलीस ठाण्यात जायचे म्हटले की बदनामी आड येते. मुलाच्या घरी कोणी गेलेच, तर त्याची आई म्हणते, “वयच आहे.” आणि खून पडला की हीच सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन चौकात उभी राहते, फाशीची मागणी करते.

हा गुन्हा एका सकाळी घडत नाही. गल्ली त्याला महिनोन्महिने खतपाणी घालत असते. म्हणून गुन्ह्यांचे आकडे कमी आहेत, आमची वस्ती सुरक्षित आहे, असे कोणी सांगितले की त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, हा हिशेब नोंदलेल्या तक्रारींवर चालतो. दाबलेली तक्रार त्यात कुठेच येत नाही. नागपूरच्या कस्तुरबानगरात एका गुंडाने दहा वर्षांहून अधिक काळ बायांना छळले. तक्रारींना कोणी दाद दिली नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी वस्तीतल्या बायांनी त्याला भर न्यायालयात ठार केले. त्या कृत्याचे समर्थन कोणी करू नये. पण कायद्याने कान बंद केले की वस्ती कुठल्या थराला जाते, हे विदर्भाने त्या दिवशी पाहिले.

कायदा नाही अशी सबब आता चालणार नाही. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर २०१३ मध्ये पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली त्याला पहिल्या खेपेस तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कलम पुस्तकात आहे, ११२ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनवरून लागतो. कमी आहे ती मुलीच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहणारा शेजारी.

कौंडण्यपूर ज्या तिवसा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या मोझरीला तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज उभारले. त्यांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीचा स्वतंत्र अध्याय आहे. अशा मातीत राहून आपण मुलीला मान खाली घालून चालायला शिकवतो आणि मुलाला नकार पचवायला शिकवत नाही. त्याला लहानपणापासून मागेल ते मिळते, बहिणीच्या ताटातलेही मिळते. मग विशीत एक मुलगी ‘नाही’ म्हणते तेव्हा त्याला तो अन्याय वाटतो. धामणगावचा चाकू आणि हिंगणघाटचे पेट्रोल यांची सुरुवात अशा लाडात आहे.

शपथच घ्यायची असेल तर ती मुलांनी घ्यावी आणि त्यांच्या बापांनी साक्षीला उभे राहावे: मुलीचा नकार अखेरचा मानू, मागे फिरणाऱ्या मित्राला हटकू, त्याने ऐकले नाही तर त्याचे नाव पोलिसांना देऊ. मुलीबरोबर ठाण्यात जाताना बदनामीचा विचार मनात आणणार नाही, ही शपथ आईबापांनी घ्यावी. पानठेलेवाल्याने, दुकानदाराने, रिक्षावाल्याने पाहिलेले सांगावे. ज्याला एवढेही जमणार नाही, त्याने रुक्मिणीच्या पालखीला खांदा देण्याआधी स्वतःला विचारावे, की आपण तिच्या माहेरचे, की रुक्मीचे?