कढई गॅसवर आहे तोवर मराठी



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. विषय चिकनचा आहे, पण गाडी शेवटी आपल्या मुलांच्या मराठीवर येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. नंतर तक्रार नको.

मी सीए. परीक्षा भारतात दिली, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये अकाउंट्स आणि टॅक्सचं काम करते. इथे सेल्फ असेसमेंटची रिटर्न्स ऑनलाइन भरायची शेवटची तारीख ३१ जानेवारी. त्यामुळे जानेवारीत आमच्या घरात आई नावाची व्यक्ती लॅपटॉपमागे असते आणि शुक्रवारचं जेवण अ‍ॅपवरून येतं. लेक चौदाची, धाकटा नऊचा. दोघांची फर्माईश ठरलेली: कोरियन फ्राइड चिकन. तेच, लालभडक, चकचकीत, गोड-तिखट.

फेब्रुवारीत दम खाल्ला आणि बँकेचं स्टेटमेंट उघडलं. दर शुक्रवारी ३६ पौंड. चार शुक्रवारचे १४४. सवयीने लगेच मनात आकडेमोड सुरू झाली. गरम टेकअवेवर इथे २० टक्के व्हॅट लागतो, म्हणजे ३६ पौंडांत ६ पौंड सरकारचे. कच्च्या चिकनवर मात्र व्हॅट शून्य. घरी किलोभर चिकन, तेल, सॉसचं सामान धरून मला साधारण १३ पौंड पडले. म्हणजे दर खेपेला २३ पौंड वाचले.

इथवरचा हिशोब कुणीही करेल. पण घरी करायला माझे दोन तास जातात. त्या दोन तासांना माझा ऑफिसचा दर लावला, तर बाहेरचंच स्वस्त पडतं. म्हणून पैसे वाचतात म्हणून घरी करा असं मी सांगणार नाही. कारण वेगळं आहे.

त्याच महिन्यात एका रविवारी माझ्या आईचा फोन आला होता. आई साताऱ्याला असते. तिला आता कमी ऐकू येतं, इंग्रजी येत नाही. लेकीच्या हातात फोन दिला. संभाषण असं झालं: "कशी आहेस?" "छान." "जेवलीस का?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." मग शांतता. मग "आई, हिअर," आणि फोन माझ्याकडे परत. चाळीस सेकंदही झाले नसतील. हीच पोरगी पाच वर्षांची असताना आजीला अर्धा अर्धा तास गोष्टी सांगायची.

फोन ठेवल्यावर आई काही बोलली नसती तर बरं झालं असतं. पण ठेवण्याआधी ती म्हणाली, "बिझी असेल गं. मुलांना कुठे वेळ असतो." माझ्या पोटात कालवलं. कारण मुलगी बिझी नव्हती. तिच्याकडे शब्द नव्हते.

मग मी आठवडाभर स्वतःचंच बोलणं ऐकलं. तुम्हीही ऐका. माझं मराठी आज्ञांपुरतं उरलं होतं. ऊठ. आवर. चल. जेव. झोप. जरा कारण सांगायची वेळ आली, समजावायची वेळ आली, की मी सरळ इंग्रजीत. पटकन होतं ना! मुलांनी मराठी सोडलं असं आपण म्हणतो. माझ्या घरात तरी आधी मी सोडलं होतं.

आता चिकनकडे वळते.

शुक्रवारी मी जाहीर केलं की आज ते चिकन घरी करायचं. मला येत नाही, लेकीने मला शिकवायचं. तिने व्हिडिओ बघितलेत, कोरियन मालिका तर पाठ आहेत. अट एकच: कढई गॅसवर आहे तोवर मराठी. मलाही लागू. जो इंग्रजीत शिरेल त्याने भांडी घासायची.

पहिली वीस मिनिटं भयाण होती. लेक म्हणाली, "आधी चिकनला कोट करायचं." मी म्हटलं, मराठीत. ती अडली. मीही क्षणभर अडले, कारण कशाने कोट करायचं ते कळल्याशिवाय मराठीत सांगताच येत नाही. कोरड्या पिठात असेल तर घोळवायचं. सॉसमध्ये असेल तर माखायचं. ओल्या पिठात असेल तर बुडवायचं. इंग्रजीतल्या एका शब्दाला आपल्याकडे तीन, आणि तिन्हींना हाताची हालचाल वेगळी. धाकट्याने तिन्ही हालचाली करून दाखवल्या, ओट्यावर, जमिनीवर आणि स्वतःच्या केसांवर.

त्या दिवशी चिकन फसलं. मैदा जास्त झाला, एकदाच तळलं, आणि सॉस घालून अर्धा तास तसंच ठेवलं. लेकीने तोंड वाकडं केलं, "इट्स सो सॉगी." मी सांगितलं, सादळलं म्हण. हा शब्द धाकट्याला इतका आवडला की दुसऱ्या दिवशी पावसातून आल्यावर म्हणाला, "आई, माझे मोजे सादळले." मी दारातच बसून हसले.

चार-पाच शुक्रवारांनंतर आता आमचं जमलंय. कृती देते, कारण ती न देता तत्त्वज्ञान सांगितलं तर तुम्ही मला ग्रुपमधून काढाल.

एक किलो बोनलेस चिकन घ्या, मांडीचं. छातीचं लवकर कोरडं होतं. मोठे तुकडे करून कागदाने पाणी टिपून घ्या. दीड चमचा मीठ, आलं-लसूण, मिरपूड लावून अर्धा तास मुरू द्या. मग एक अंडं फोडून चोळा. वाटीभर कॉर्नफ्लोअर, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर एकत्र करून त्यात तुकडे घोळवा आणि दाबा. (अमेरिकेतल्यांनी कॉर्नस्टार्च घ्यायचं, पिवळं मक्याचं पीठ नाही.) मैद्याने पावासारखं जाड कवच होतं. स्टार्चचं कवच पातळ आणि कुरकुरीत होतं.

तळायचं दोनदा. पहिल्यांदा १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास, पाच-सहा मिनिटं. बाहेर काढून जाळीवर निथळू द्या, आठ-दहा मिनिटं. या वेळात आतली वाफ बाहेर येते आणि कवच मऊ पडतं. घाबरू नका. मग तेल १९० पर्यंत तापवून दोन मिनिटं पुन्हा तळा. कवचात आलेलं पाणी उडून जातं आणि मग जे कुरकुरीत होतं ते सॉसमध्येही बराच वेळ टिकतं. आत ७५ अंश झालेत ना ते थर्मामीटरने बघा, किंवा सगळ्यात मोठा तुकडा कापून बघा, आत गुलाबी नको. तळण्याचं काम फक्त मोठ्या माणसाचं. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद आणि वर झाकण, पाणी कधीही नाही. मुलांना हेही मराठीत सांगा.

सॉससाठी: दोन मोठे चमचे गोचुजांग, म्हणजे कोरियन आंबवलेली मिरचीची पेस्ट, आता इथल्या मोठ्या सुपरमार्केटांत मिळते. दोन चमचे केचप, एक सोया सॉस, एक व्हिनेगर, तीन चमचे मध, एक चमचा गूळ, सहा लसूण पाकळ्या बारीक चिरून. लसूण थोड्या तेलात परता, बाकीचं घाला, पाव वाटी पाणी, मंद आचेवर तीन-चार मिनिटं आटवा. चमच्याच्या पाठीला चिकटून सावकाश ओघळायला हवं. खायला बसायच्या अगदी आधी चिकन त्यात माखा, वर तीळ. शाकाहारी घरांत फ्लॉवर किंवा पनीर घ्या, फ्लॉवरला वेळ कमी लागतो. एअर फ्रायरमध्येही होतं, २०० अंशांवर १८-२० मिनिटं, तेल फवारून. चांगलं लागतं, पण ते हेच आहे असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

सॉस आटवताना लेकीने विचारलं, "किती वेळ? कसं कळतं?" आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "अगं, हा पाकच आहे." मग एकतारी म्हणजे काय, दोनतारी म्हणजे काय, रव्याच्या लाडूंना कुठला, चिक्कीला कुठला, हे सगळं आलं. आपल्याला एकतारीच्या थोडं अलीकडे थांबायचंय. गोळीबंद झाला तर चिकनची चिक्की होईल. ती म्हणाली, "म्हणजे दातात अडकेल." म्हणजे! हा शब्द तिच्या तोंडून मी किती दिवसांनी ऐकला. आज्ञेला उत्तर म्हणून "म्हणजे" येत नाही. "कारण", "म्हणून", "नाहीतर" हेही येत नाहीत. ते दोघं मिळून काही काम करताना येतात, जेव्हा का ते विचारावं लागतं आणि सांगावं लागतं.

एक गोष्ट लेकीनेच शोधून काढून सांगितली. हे माखलेलं चिकन दक्षिण कोरियात १९८० च्या आसपास देगू शहरात रूढ झालं, आणि त्याचं श्रेय युन जोंग-गे या दुकानदाराला देतात. नुसतं तळलेलं चिकन गार झालं की कडक व्हायचं, गिऱ्हाइकांच्या टाळूला टोचायचं, म्हणून ते सॉसच्या मागे लागले. जमेना. मग शेजारच्या एका आजीबाईंनी सुचवलं की त्यात थोडं काकवीसारखं धान्याचं सिरप घालून बघ, असं ते सांगत. लेक मला म्हणाली, "तिकडेही आजीच."

पुढच्या रविवारी मी काही न सांगता तिने फोन मागितला. माझी आई माळकरी, चिकनचं नावही घरात काढत नाही. मला धाकधूक होती. पण लेकीने सरळ सांगायला सुरुवात केली: घोळवलं, तळलं, निथळलं, परत तळलं. मग पाक. पलीकडून आईचा आवाज, "मेल्या कोंबडीचं मला नको सांगू बाळा, पाक कसा केलास ते सांग. गूळ चिरून घातलास की तसाच?" बावीस मिनिटं बोलल्या दोघी. मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसले, कारण मध्ये पडून भाषांतर करायचा मोह मला आवरत नाही.

आता आक्षेप. एका मैत्रिणीने तोंडावर विचारलं, "वेळ काढतेसच तर पुरणपोळी शिकव ना. कोरियन चिकनने मराठी संस्कृती कशी टिकणार?" प्रश्न रास्त आहे. पुरणपोळी आम्हीही करतो. पण पुरणपोळीत मी गुरू असते आणि मुलं प्रेक्षक. मी सांगते, ती फोटो काढतात, "यम्मी" म्हणतात. कोरियन चिकनमध्ये लेकीला माझ्यापेक्षा जास्त येतं. तिला मला शिकवायचं असतं, माझ्या चुका काढायच्या असतात, माझ्याशी वाद घालायचा असतो. जो शिकवतो तो जास्त बोलतो. आणि मला तिला बोलतं करायचंय.

आपण परदेशात मुलांना मराठीची नामं भरपूर देतो. तिळगूळ, गुढी, मोदक, औक्षण. रविवारच्या मराठी शाळा हे मनापासून करतात, माझी मुलंही जायची. पण क्रियापदं घरातच मिळतात. परतणं, आटवणं, निपटणं, सादळणं, करपणं कुठल्या वहीत शिकवणार? कुरकुरीत वेगळं, खुसखुशीत वेगळं, वातड वेगळं, हे खाताना आणि भांडतानाच कळतं. पदार्थ कुठल्या देशाचा आहे याने फार फरक पडत नाही. तुमच्याकडे पिझ्झा होत असेल तर पिझ्झा घ्या. मुलाला सायकल दुरुस्त करायची आवड असेल तर तिथे बसा.

दर आठवड्याला जमतं असं मी खोटं सांगणार नाही. पुढच्या जानेवारीत आमच्याकडे पुन्हा अ‍ॅपवरूनच येईल, आणि त्याबद्दल मी स्वतःला अपराधी मानणार नाही. महिन्यातून दोनदा झालं तरी पुष्कळ आहे. लेकीचं मराठी अजून तुटकं आहे, लिंगाच्या चुका होतात, "तो भाजी" चालतं. चालू दे. मध्येच दुरुस्त करायला गेलं की ती गप्प बसते, हे मी शिकले.

भांडी गेल्या चार शुक्रवारांत तीनदा मीच घासली. यावरून कोण जास्त इंग्रजीत शिरतं ते समजा.

तुमच्या घरी मुलं कुठल्या कामात मराठी बोलतात? जेवण सोडून दुसरं काही असेल तर नक्की लिहा, मला हवंय. आणि चिकन केलंत तर सॉस आधी घालू नका. सादळेल.