बंदी म्हणजे बंदोबस्त नव्हे

बंगळुरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेली आम्ही मराठी अधिकारी मंडळी एकत्र जमलो, की चहाचा दुसरा पेला होईतो कोणीतरी सह्याद्रीचा विषय काढतोच. कोणी कॉलेजात असताना नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला असतो. कोणी लिंगाण्याच्या पायथ्यावरूनच परतलेला असतो, तरी माथ्याची हकीकत रंगवून सांगतो. 2025 च्या जुलै महिन्यात मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि त्यांत तमिळनाडूतील जिंजीही आहे, हे सांगताना आमचा ऊर भरून येतो. हे सारे आम्हांला प्रिय आहे. परंतु याच मंडळींपैकी कोणाच्या टेबलावर सोमवारी सकाळी एखाद्या डोंगराची फाईल आली, की लेखणीतून एकच शब्द उतरतो : 'प्रतिबंधित'. रविवारची आठवण आणि सोमवारची सही यांत पडलेल्या या अंतराविषयी आज चार शब्द स्पष्ट बोलणे आम्हांस भाग आहे.

बंगळूरच्या उंबरठ्यावरच कातळाचे केवढे वैभव पसरले आहे, याची आपणांपैकी किती जणांना कल्पना आहे? रामनगरचे खडक आम्हांस ठाऊक आहेत ते 1975 सालच्या 'शोले' चित्रपटामुळे. मागडीजवळचा सावनदुर्ग 1791 च्या डिसेंबरात कॉर्नवॉलिसने घेतला. तोवर तो अजिंक्य मानला जाई. आज त्याच्या उघड्या कातळावर या शहरातील तरुण दोर बांधून चढतात. ज्यांना तेथवर जाणे जमत नाही, ते पहाटे शहराच्या दक्षिणेकडील तुरहळ्ळीच्या रानात, खाली जाड गाद्या पसरून, लहान खडकांवर हात घट्ट करतात. त्यांत कन्नड आहेत, तमिळ आहेत, बंगाली आहेत, आपली मराठी मुलेही आहेत. वर चढणाऱ्याचा जीव खाली दोर सांभाळणाऱ्याच्या हाती असतो. म्हणून निघण्यापूर्वी दोघेही एकमेकांच्या गाठी तपासून पाहतात. जुना गडी नव्याला हे सारे शिकवितो, आणि त्याबद्दल त्याच्याकडून छदाम घेत नाही. आमच्या कचेऱ्यांत परस्परांच्या कामाविषयी इतकी दक्षता कोठे दिसते काय?

कोणी म्हणेल, मग डोंगरावर निर्बंध नकोतच की काय? असे आमचे म्हणणे मुळीच नाही. 2012 साली रामनगर येथील रामदेवरबेट्टचा परिसर गिधाडांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि तेथील कड्यांवरील आरोहण थांबले. हे योग्यच झाले. लांब चोचीचे गिधाड कड्याच्या कपारीत घरटे करते आणि वर्षाकाठी एकच अंडे घालते. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाने ही जात देशातून नाहीशी होत आली, तेव्हा 2006 साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. अशा बंदीला कारण असते, जागा असते, हेतू असतो. अमेरिकेतील योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानात तर बहिरी ससाण्यांच्या विणीच्या दिवसांत घरटी असलेले तेवढेच कडे आरोहकांस बंद करतात, आणि पिले उडून गेली की पुन्हा खुले करतात. याला आम्ही बंदोबस्त म्हणतो.

आता दुसरा प्रकार पाहा. 2024 च्या जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत कुमारपर्वताच्या वाटेवर माणसांचा लोंढा उसळला. लगेच, जेथे ऑनलाइन नोंदणीची सोय नव्हती तेथील पदभ्रमण राज्यभर थांबविण्यात आले. नोंदणीची एकत्रित व्यवस्था त्याच वर्षी पुढे झाली. ती झाली याचा आनंदच आहे. परंतु तोवरच्या महिन्यांत, ज्या वाटांवर गर्दीचे नावही नव्हते त्या वाटांनी कोणता अपराध केला होता? जखम मांडीला अन् मलम शेंडीला, याहून हे निराळे काय? महाराष्ट्रही याला अपवाद नाही. तेथे पावसाळा आला, की धबधबे आणि गड यांच्याविषयी मनाईहुकूम निघतात. पूर्वी ते कलम 144 खाली निघत. 1 जुलै 2024 पासून कलम 163 खाली निघतात. कलमाचा आकडा बदलला. मनोवृत्ती तीच राहिली.

या मनोवृत्तीचे मूळ आपणां सर्वांना ठाऊक आहे. कारण आपण सारे त्याच पंक्तीला बसलेले आहोत. अपघात झाला तर चौकशी होईल, चौकशीत नाव येईल, ही ती भीती. एकदा हुकूम काढून ठेवला, म्हणजे 'बंदी होती' एवढे दोन शब्द लिहून मोकळे होता येते. परंतु असा हुकूम अडवितो कोणाला? जो परवानगी मागायला येतो, शिरस्त्राण घालतो, दोर तपासतो, त्याला. ज्याला ना दोराची ओळख ना नियमाची, तो रात्री मागच्या वाटेने चढतोच. शिस्तीचा मनुष्य घरी बसतो आणि बेशिस्ताला शिकविणारा कोणी उरत नाही. डोंगर त्यामुळे सुरक्षित होत नाही. सुरक्षित होते ती फाईल.

आणि संकट आले, म्हणजे आपण हाक कोणाला मारतो? 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषि विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली, तेव्हा पावसात दोराने खाली उतरून मृतदेह वर आणणाऱ्यांत महाबळेश्वर ट्रेकर्सची मुले होती. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्रही असेच हाकेला धावून जातात. हे पगारी लोक नव्हेत. ते दोरावर कोठे शिकले? ज्या कड्यांवर आपण पाट्या लावतो, त्याच कड्यांवर. आज आपण त्यांची शाळा बंद केली, तर उद्या दरीत उतरणार कोण? हुकुमाचा कागद तर उतरणार नाही!

आमची मागणी मोठी नाही. कड्याविषयीचा हुकूम लिहिण्यापूर्वी त्या कड्यावर चढणाऱ्यांना एकदा कचेरीत बोलवा. चहा नाही पाजलात तरी चालेल. कोणता कडा, कोणते महिने, किती माणसे, हे त्यांच्याकडून समजून घ्या. बंदी घालायचीच असेल, तर तिच्यात कारण लिहा, हद्द लिहा, मुदत लिहा. आणि मुदत संपल्यावर फाईल पुन्हा उघडा. या तिन्हींपैकी एकही लिहिता येत नसेल, तर ती बंदी नव्हे, ती आपल्या भीतीची कबुली आहे.

आणि एक घरची गोष्ट. पुढच्या रविवारी सह्याद्रीच्या आठवणी काढण्याऐवजी आपण सारे सावनदुर्गच्या पायथ्याशी जाऊ. चढणे आता वयाला झेपणार नाही, न झेपो. वर जाणाऱ्या पोराचा दोर दुसऱ्या पोराच्या हातात कसा असतो, तेवढे डोळे भरून पाहू. मग सोमवारी ज्याला सही करावयाची असेल, त्याने ती खुशाल करावी.